मी रडत होते आणि हे गोळी मागत होते

"मॅडम, इतकी वर्षं संसार केला, आता यांना माझं काहीच पडलेलं नाहीये," एवढं बोलून काकू रडायलाच लागल्या. काका शेजारच्या खुर्चीत, चेहरा एकदम कोरा, पापणीसुद्धा फारशी हलत नव्हती. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) झालं असं की काकूंची बहीण गेली, फोन ठेवून त्या तिथेच रडत उभ्या राहिल्या आणि काका समोर येऊन विचारतात, "माझी अकराची गोळी कुठंय?"

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मलाही वाटलं की माणूस जरा तुटकच दिसतोय. मग त्यांच्याशी एकट्याशी बोलले तर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ती रडतेय हे कळलंच नाही हो, तोंडाकडेच बघत होतो, मला वाटलं दमलीय."

हे बहाणे नसतात. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं, त्यामुळे हात थरथरतात, हालचाल मंदावते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ज्या यंत्रणेवर हालचाल चालते तिचाच हात भावना ओळखण्यातही असतो, म्हणून बऱ्याच पेशंटना समोरच्याचा चेहरा किंवा आवाजाचा सूर नीट वाचता येत नाही. त्यात राग, भीती, दुःख, किळस या जास्त निसटतात, आनंद त्या मानाने लवकर कळतो. एक विचार असाही आहे की समोरचा रडवेला झाला की आपलाही चेहरा नकळत थोडा तसा होतो आणि त्यातून आपल्याला त्याचं मन कळतं, आता ज्याचे चेहऱ्याचे स्नायूच आखडलेत त्याला ही मदत कुठून मिळणार? म्हणजे गंमत बघा, काकूंना काकांचा चेहरा वाचता येत नाही आणि काकांना काकूंचा, आणि दोघांनाही वाटतंय की समोरच्याचं मन उडालंय.

मी "बरं झालं आलास" हे एकच वाक्य आधी प्रेमाने आणि मग चिडून म्हणून दाखवलं. काकांना दोन्ही सारखंच वाटलं. ते ऐकून काकू गप्प झाल्या.

मुलीचा प्रश्न वेगळाच, गोळ्या वाढवल्या तर हे सुधारेल का आणि डॉक्टर डीबीएस (मेंदूत बारीक तारा बसवून हलका विद्युतप्रवाह देण्याचं ऑपरेशन) म्हणतायत ते करावं का. मी डॉक्टर नाही, डोस हा न्यूरोलॉजिस्टचा विषय, आणि या गोळ्या मनाने कमीजास्त करू नका, अचानक बंद तर अजिबात नको. पण एवढं सांगते की लेव्होडोपाने, म्हणजे डोपामिनची कमी भरून काढणाऱ्या गोळीने, हालचाल सुधारली तरी भावना ओळखणं सुधारेलच असं नाही, अभ्यासांत उलटसुलट निष्कर्ष आलेत. डीबीएसने कंप, कडकपणा कमी होतो, पण काहींमध्ये ऑपरेशननंतर चेहऱ्यावरचे नकारात्मक भाव ओळखणं आणखी अवघड झालेलं दिसलंय, आणि नंतर गोळ्या कमी केल्या की काहींना एक प्रकारची उदासीनताही येते. म्हणून ऑपरेशन करूच नका असं मी म्हणत नाहीये, आधीच विचारून घ्या म्हणजे नंतर घरात गैरसमज नकोत. आणि हो, डिप्रेशनही या आजारात खूप दिसतं, तेही तपासून घ्यायला लावलं.

काकूंना मी एकच काम दिलं, भावना तोंडाने सांगायची. "मला वाईट वाटतंय, जवळ बसा." टीव्ही बंद करून, समोर बसून, गोळीचा असर चालू असतानाच. तर त्या उसळल्या, "म्हणजे मायासुद्धा मागून घ्यायची?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तीन आठवड्यांनी आल्या. काकांनीच एके दिवशी विचारलं होतं, "तू दमलीयस का चिडलीयस? मला नाही गं ओळखू येत." काकू म्हणाल्या, "चिडलेय, आणि तुमच्यावरच." त्यावर काका हसले म्हणे. चेहऱ्यावर दिसलं का, मी विचारलं. "छे, चेहऱ्यावर कुठलं, पण हसलेच ते, मला कळतं की."