तांदळाच्या डब्यात लपवलेली गोळी

"ताई, ही गोळी तापाचे जंतू पोसते म्हनते. खरं हाय का?"

पोळा होऊन आठवडा झाला होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुला-मुलींसाठीच्या दवाखान्यात, ही आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पिशवीतून तिनं लोहाच्या निळ्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. रोवणीपासून, म्हणजे भाताच्या लावणीपासून, ती तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलेली होती, खाचांत कोंडा बसला होता.

रोवणीच्या दिवसांत मुलीला फाल्सिपॅरम मलेरिया, म्हणजे मलेरियाचा जास्त धोकादायक प्रकार, झाला. नर्सबाईंनी ताप असेपर्यंत निळी गोळी थांबवायला सांगितलं, ते योग्यच होतं. पण ताप गेल्यावर पुन्हा सुरू करा, हे घरापर्यंत पोचलंच नाही. त्यात भाच्यानं मोबाइलवर दाखवलं, की लोहामुळे मलेरिया बळावतो. आईनं पट्टी लपवली. आता मुलगी जिना चढताना धापा टाकते, येता-जाता कच्चे तांदूळ खाते. तपासणीत हिमोग्लोबिन 8.4 निघालं, म्हणजे बरंच कमी.

अशा वेळी "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणणं मला पटत नाही, कारण भाच्यानं दाखवलं त्यात तथ्य होतं. झांझिबारच्या पेंबा बेटावर तेव्हा बारा महिने मलेरिया असायचा. तिथे लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा त्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले आणि 2003 मध्ये ते देणं थांबवावं लागलं. मलेरियाच्या परजीवीला वाढायला लोह लागतं, हे खरंच आहे.

मी तिला विचारलं, "घरात उंदीर झाले की धानाचं काय करता?"

"कणगीचं तोंड लिंपतो."

"शरीरही तेच करतं. ताप आला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. त्यानं पेशींमधून लोह बाहेर पडायची दारं बंद होतात. साठा आतच राहतो, आतड्यातूनही फारसं लोह रक्तात येत नाही. म्हणून तापात गोळी दिली तरी ती अंगी लागत नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण उंदीर गेल्यावर कणगी उघडाच लागते नं."

जागतिक आरोग्य संघटनेचा 2016 चा सल्लाही याच दिशेचा आहे: मलेरियाच्या भागात मुलांना लोह द्यायचं, पण मलेरिया टाळण्याची आणि बरा करण्याची सोय सोबत हवी. लोह कमी पडलं तर रोगाशी लढणाऱ्या पेशीही दुबळ्या होतात, म्हणून कायम उपाशी ठेवणं हे संरक्षण नव्हे.

मुलीची मलेरियाची चाचणी पुन्हा केली, ती निगेटिव्ह आली. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, तेही तपासलं, नव्हता. मग जंतांचं विचारलं. शाळेत जंताची गोळी दिली त्या दिवशी ती तापानं घरीच होती. आणि चिखलात अनवाणी रोवणी करणारी मुलगी! हुकवर्मच्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यातल्या एका जातीचा एक जंत दिवसाला सुमारे 0.15 मिलिलिटर रक्त घालवतो. असे शंभर असतील तर रोज 15 मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे रक्त. मग गोळीनं भरलेलं लोह टिकणार कसं? डॉक्टरांनी 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल आणि तीन महिन्यांचं लोह लिहून दिलं. गोळी जेवणानंतर, लिंबासोबत घ्यायची, चहासोबत नाही. शौच काळं होतं ते गोळीनं, हेही आधीच सांगितलं. नाहीतर बाया त्याच भीतीनं बंद करतात.

दाराशी जाऊन ती वळली. "धाकट्याला अंगणवाडीतलं लोहाचं औषध देतात. त्यालाही ताप आला तर?"

"तेव्हा थांबवायचं आणि त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्यायचं. बरा झाला की कधी सुरू करायचं, ते त्यांनाच विचारायचं."

तिनं पट्टी उचलून मुलीच्या हातात दिली.