दोन आई किंवा दोन बाबा असलेल्या घरात मुलाचं नुकसान होतं का?

नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून हेच सांगितलं: मुलाची वाढ आईवडिलांच्या लिंगावर नाही, तर घरातल्या माया, स्थैर्य आणि आधारावर ठरते. त्रास होतो तो बाहेरून. शाळेच्या फॉर्मवरचा ‘वडिलांचं नाव’ हा रकाना, शेजाऱ्यांची कुजबुज, ‘तुझी खरी आई कोणती?’ हा प्रश्न.

आपल्याकडे कायदाही या पूर्वग्रहाला हातभार लावतो. दत्तक नियमांनुसार जोडप्याला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, आणि समलिंगी विवाहाला मान्यताच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियम ३ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला. एकट्या व्यक्तीला मात्र दत्तक घेता येतं (एकट्या पुरुषाला मुलगी नाही). म्हणजे बाळाला दोघी रात्रंदिवस सांभाळतात, पण कागदावर आई एकच. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर दुसरी कायद्याने परकी! मुलाच्या हिताची काळजी वाटणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर बाळाच्या बारशाला जा, दोघींनाही आई म्हणा.