पान हाताने लावायचं की आज्ञेने?

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. मराठी टायपिंग उत्तम येतं. तिला पुस्तकांची मांडणी करण्याच्या कामात जायचंय. इथला डीटीपी (संगणकावर पानं लावायचा) क्लास म्हणतो, तीन महिन्यांत इनडिझाईन शिकवतो. पुण्याचा तिचा मावसभाऊ म्हणतो, लाटेक शीक. फुकट आहे आणि चांगली पुस्तकं त्यातच होतात. कोणाचं ऐकावं? – एक पालक, इंदिरानगर, नाशिक

सप्रेम नमस्कार,

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. आधी इनडिझाईन, कारण स्थानिक छपाईची कामं बहुतेक अशाच डोळ्यांसमोर पान लावायच्या सॉफ्टवेअरवर चालतात. पण तिच्याकडे गणित आहे, म्हणून लाटेक सोडू नये.

इनडिझाईनमध्ये चौकट ओढायची, मजकूर ओतायचा, चित्र सरकवायचं. लाटेकमध्ये पान समोर नसतंच. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ‘हे प्रकरणाचं शीर्षक’, ‘ही तळटीप’ अशा खुणा करायच्या आणि फाईल चालवायची. पीडीएफ तयार होऊन बाहेर येते. याच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७-७८ मध्ये सुरू केली, कारण त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं, म्हणजे तपासायला आलेली छापील पानं, त्यांना बघवेनात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे तिच्यावर लाटेक उभारलं.

‘चांगली पुस्तकं त्यातच होतात’ हे मात्र आता जुनं झालं. क्नूथ आणि प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत अशी : एकेक ओळ भरली की तोडली असं करायचं नाही, अख्खा परिच्छेद पाहून सगळ्या ओळी एकदम ठरवायच्या, म्हणजे शब्दांमधल्या फटी एकसारख्या राहतात. १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाईननेही परिच्छेद असाच एकत्र पाहायची सोय दिली. ओळी दोन्हीकडे चांगल्या पडतात. खरा फरक दुरुस्तीत आहे.

समजा, ४०० पानांचं गणिताचं पुस्तक आहे आणि तिसऱ्या प्रुफाला लेखकाने दुसऱ्या प्रकरणात अर्धं पान घातलं. पुढची सगळी पानं सरकली. ‘पाहा पृष्ठ २१२’ आता २१३ झालं, समीकरणांचे क्रमांक बदलले, अनुक्रमणिका चुकली, शेवटची शब्दसूची तर गेलीच. लाटेकमध्ये फाईल दोन-तीनदा चालवायची. दोन-तीनदा अशासाठी, की पहिल्या फेरीत पृष्ठांक बाजूच्या एका फाईलमध्ये लिहिले जातात आणि पुढच्या फेरीत तिथून वाचले जातात. सूचीचा प्रोग्रॅम मध्ये वेगळा चालवावा लागतो. एखादा संदर्भ सापडलाच नाही तर त्या जागी दोन प्रश्नचिन्हं छापली जातात. छपाईला देण्याआधी ती शोधायची सवय हवी. इनडिझाईनमध्येही संदर्भ आणि सूची आपोआप बदलायची सोय आहे, पण घाईत ‘२१२’ हातानेच टाइप केलं जातं आणि मग एकेक आकडा शोधत बसावं लागतं. डीटीपीचे पैसे पानावर ठरतात, त्यामुळे तिसऱ्या प्रुफाची मेहनत आपल्याच खिशातून जाते.

उलट बालपुस्तक, पाककृती, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कॅटलॉग यांना लाटेक लावू नये. चित्र इथेच हवं म्हटलं तरी ते बरेचदा पुढच्या पानावर जाऊन बसतं आणि त्याच्याशी झगडण्यात दिवस जातो.

मराठीत दोन्हीकडे ठेच लागते. इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्याही नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या जागी बसते. तो परिच्छेदाच्या स्टाईलमध्येच, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीत, ठरवून ठेवावा. लाटेकसाठी झीटेक हे इंजिन (फाईल चालवून पीडीएफ काढणारा प्रोग्रॅम) घ्यावं आणि फाँट सांगताना लिपी देवनागरी, भाषा मराठी असं दोन्ही सांगावं. नाहीतर बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. लुआटेक हे दुसरं इंजिन घेतलं तर रेंडरर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, हार्फबझ ठेवावा. लांब जोडशब्द पानाच्या समासात घुसले की लॉग फाईलमध्ये (फाईल चालवताना होणाऱ्या नोंदीत) ‘ओव्हरफुल’ची, म्हणजे ओळ मावत नसल्याची, सूचना येते. ती वाचली पाहिजे.

आणि हस्तलिखितं! अजूनही पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत फायली येतात. त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये (आताच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) ती अक्षरानंतर साठवतात. रूपांतरात ती शेजारच्या अक्षराला चिकटते, रफार घसरतो. सगळ्यात फसवी चूक म्हणजे सह्याद्रीच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दोन्ही शब्द खरे असल्याने स्पेलचेकला पत्ता लागत नाही. हे पकडणारी व्यक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा दुर्मिळ आहे, आणि तुमच्या मुलीचं मराठी चांगलं दिसतंय.

क्लास सुरू होण्याआधी तिला पट्टी घेऊन सार्वजनिक वाचनालयात पाठवा. १८४० पासूनची संस्था आहे, पुस्तकांना तोटा नाही. दहा पुस्तकांचे समास, ओळीची लांबी, पानातल्या ओळी मोजून वहीत लिहू दे. डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची पान घ्या : आतला समास २० मिमी, बाहेरचा १५, वर १८, खाली २२ ठेवला, तर सुमारे १०५ मिमीची ओळ मिळते आणि १२ पॉइंट अक्षराला १८ पॉइंटचं अंतर दिलं की २७ ओळी बसतात. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकार असल्याने इंग्रजीपेक्षा हे अंतर जास्तच लागतं. पातळ कागदावर मागच्या पानाची शिरोरेषा दिसते, म्हणून दोन्ही बाजूंच्या ओळी एकावर एक यायला हव्यात.

मग तीन महिने इनडिझाईन, पण प्रत्येक शीर्षक, परिच्छेद, तळटीप स्टाईलनेच. मजकूर २४३ पानांचा झाला आणि १६ पानी फॉर्मच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशेबाने २४० त बसवायचा असेल, तर स्टाईल असल्यास पाच मिनिटांचं काम, नसल्यास आठवड्याचं. त्यानंतर लाटेक घरी. टेक लाइव्ह हा लाटेकचा संच पूर्ण उतरवायला सात-आठ जीबी जागा लागते, फी काही नाही. स्वतःच्याच गणिताच्या नोट्सची ५० पानं सूचीसह लावून बघू दे. गणित आणि मराठी दोन्ही लागणारी पाठ्यपुस्तकं, प्रश्नसंच, प्रबंध इथे तिला कामाला येतील.

क्लासची फी भरण्याआधी तिथे तीन गोष्टी विचारा : स्टाईल शिकवता का, युनिकोड शिकवता का, आणि काळा मजकूर चार रंगांत न फुटता फक्त काळ्या प्लेटवर जाईल अशी छपाईची पीडीएफ काढून दाखवता का. तिसऱ्या प्रश्नाला ‘ते प्रेसवाले बघतात’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास शोधा.