कार्ब्युरेटर तीनदा साफ केला तरी गाडी आयडलला थरथरून बंद का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली गाडी. वेगात बरी चालते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की, म्हणजे आयडलला, थरथरते आणि सिग्नलला थांबली की बंद पडते. कार्ब्युरेटर तीनदा उघडून साफ केला, प्लग बदलले, आयडल स्क्रू पिळून आरपीएम वाढवला. चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. आता नवा कार्ब्युरेटर घ्यावा का?

आत्ता तरी घेऊ नका. जुन्या गाड्यांवर काम करताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलंय की इंजिन थरथरलं की सगळ्यांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो आणि दोष निघतो भलतीकडेच. कधी इग्निशनमध्ये, कधी कुठून तरी चोरून आत शिरणाऱ्या हवेत. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला शेवटी हात लावायचा. आधी लावला तर एक दोष दुसऱ्याखाली झाकला जातो आणि मग कुणालाच काही सापडत नाही.

तुम्ही लिहिलेलं ‘वेगात बरी चालते’ हे वाक्य फार कामाचं आहे. आयडलला थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणारी) झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार व्हॅक्यूम असतो. त्या वेळी मेन जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा तुकडा) पेट्रोल येतच नाही. ते येतं आयडल जेटमधून, ज्याचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि झडपेखालच्या एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं. या वेळी इंजिन घेत असलेली एकूण हवाच इतकी थोडी असते की बाहेरून जरा जास्त हवा घुसली तरी मिश्रण बिघडतं. वेगात तेवढी गळती खपून जाते. म्हणून ‘वेगात बरी, थांबल्यावर बंद’ म्हटलं की माझ्या डोक्यात तीन संशयित येतात: हवेची गळती, तुंबलेला आयडल जेट आणि एखादा अशक्त सिलिंडर.

यांची पहिली छाननी चोकने, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा अडवणाऱ्या झडपेने, होते. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. ते आयडलला थरथरत असताना चोक अगदी थोडा, हळूहळू ओढा. चोक ऑटोमॅटिक असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर जाड पुठ्ठा थोडासा सरकवा. तळहात ठेवू नका, बॅकफायर झाला तर भाजतं. आता कान देऊन ऐका. इंजिन सावरलं, आवाज एकसारखा झाला, तर त्याला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. आणखी बिघडलं, एक्झॉस्टला काळपट धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त जातंय. आणि थरथर होती तशीच राहिली, ठरावीक ठेक्याने एक ठोका गळत राहिला, तर कार्ब्युरेटर सोडा आणि तो सिलिंडर शोधा.

तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता, म्हणजे जास्तीची हवा, जास्त वाटते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो. हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट (सांधा हवाबंद करणारा थर) आणि त्याखालचा जाड इन्सुलेटर, इन्टेक मॅनिफोल्ड हेडला जिथे बसतो ते गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला व्हॅक्यूमने जोर देणाऱ्या डब्याचा) जाड पाइप, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे व्हॅक्यूमने ठिणगीची वेळ पुढे नेणाऱ्या भागाची, बारीक नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी आणि कधीतरी काहीतरी काढल्यावर उघडंच राहिलेलं एखादं टोक. तीनदा कार्ब्युरेटर काढला म्हणताय, तर दरवेळी खालचं गॅस्केट नवीन टाकलं होतं का, हे आधी विचारा. जुनंच गॅस्केट पुन्हा बसवणं आणि नट एका बाजूने जास्त आवळून कार्ब्युरेटरचा तळ वाकवणं, या दोन गोष्टी साफसफाईतूनच नव्या गळत्या तयार करतात. काढलेल्या कार्ब्युरेटरच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघितलं की वाक लगेच दिसतो.

गळती शोधायला अनेकजण कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते मला पटत नाही, तो स्प्रे क्षणात पेटतो. झाडांवर पाणी मारायची साधी स्प्रे बाटली घ्या आणि इंजिन चालू ठेवून एकेका सांध्यावर बारीक फवारा द्या. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींपासून दूर राहा. जिथे गळती असेल तिथे पाणी आत ओढलं जातं, सूं आवाज क्षणभर थांबतो आणि इंजिनचा सूर बदलतो. रबरी नळ्या हाताने वाकवून बघा. वरून धडधाकट दिसणारी नळी वाकवली की क्लॅम्पखाली चीर उघडते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचं रबर लवकर कडक होतं किंवा फुगतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही त्याच वेळी बघून घ्या.

ब्रेक दाबल्यावर आयडल बदलत असेल तर बूस्टरचा पाइप चिमटीत धरून बंद करा. थरथर थांबली तर बूस्टर किंवा त्याचा वन-वे व्हॉल्व्ह गेलाय. आयडल सुधारण्यापेक्षाही ते आधी दुरुस्त करा, प्रश्न ब्रेकचा आहे. पीसीव्हीची नळीही तशीच दाबून बघा. आरपीएम किंचित खाली येणं ठीक, पण इंजिन एकदम सुधारलं तर तो व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. काढून हलवला तर चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढून बघा. आतला पडदा फाटलेला असेल तर हवा सहज येत राहते.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर अर्धं काम तोच करतो. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचावर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. ठरावीक अंतराने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

आता सिलिंडर. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघड-मिट होणाऱ्या संपर्कांची) इग्निशन असेल तर इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर काढून लगेच परत लावा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आरपीएम पडतो. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही, तो दोषी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर वायर कधीही उघडी सोडू नका, मॉड्यूल किंवा कॉइल जाऊ शकते. आधी इंजिन बंद करून ती वायर बॉडीला अर्थ करा आणि मग चालू करून बघा. दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग, नाही गेला तर वायर, मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन बघितलंत तर फुटलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना स्पष्ट दिसतात.

स्पार्क चांगला असूनही सिलिंडर मेलेलाच असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाचा गॅप, तपासा. गॅप फार कमी झाला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आयडलला कम्प्रेशन निसटायला भरपूर वेळ मिळतो, वेगात तेवढा मिळत नाही, म्हणून हा दोषही ‘वेगात बरी’ असाच दिसतो आणि लोक कार्ब्युरेटर बदलत बसतात. त्यानंतर कम्प्रेशन टेस्ट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केट.

पॉइंटबद्दल एकच सांगतो. गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो, पण आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करावं लागतं.

चोकने इंजिन सावरतं, पण गळती कुठेच नाही, असं असेल तेव्हाच आयडल जेट. अनेक कार्ब्युरेटरना बाहेर एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे आयडलचं पेट्रोल सुरू-बंद करणारी विजेची झडप, असतो. इग्निशन चालू करून त्याची वायर काढून परत टेकवा, टिक असा आवाज यायला हवा. नसेल येत तर पाय काढताक्षणी इंजिन मरणारच. जेट काढून उजेडासमोर धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तारेने कोरू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरे. साफ करून चार दिवसांत परत तुंबत असेल तर कचरा टाकीतून येतोय. मग टाकी आणि फिल्टर बघितल्याशिवाय साफसफाईला अर्थ नाही.

आणि आता तो पिळलेला आयडल स्क्रू. तो फार आत गेला की झडप इतकी उघडते की वरची ट्रान्झिशनची (आयडलवरून वेगाकडे जाताना पेट्रोल देणारी) छिद्रंही उघडी पडतात आणि इंजिन त्यांच्यावर चालायला लागतं. मग मिक्स्चर स्क्रू (आयडलचं मिश्रण ठरवणारा) कितीही फिरवा, काही फरक पडत नाही, आणि माणूस म्हणतो कार्ब्युरेटर गेला. तो स्क्रू परत सैल करा. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने, टेकेपर्यंतच आत न्या आणि दीड ते दोन फेरे बाहेर काढा. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर जागेवर, दिवे-पंखे बंद. मिक्स्चर स्क्रू फिरवत आरपीएम सर्वांत वर जाईल तिथे थांबा, आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा, मग पुन्हा मिक्स्चर. दोन-तीन वेळा असं केलं की जमतं. बहुतेक चार सिलिंडर गाड्या ७५० ते ९०० आरपीएमवर शांत बसतात. हे काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस जातो.

गाडी फक्त गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर रस्ता वेगळा. बंद पडताक्षणी स्पार्क तपासा. नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर, असेल तर फ्लोटच्या वाटीत उकळणारं पेट्रोल. थंड, दमट हवेत थोडं अंतर जाऊन मरते आणि पाच-दहा मिनिटं उभी केली की आपोआप बरी होते, असं असेल तर कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतोय. एअर फिल्टरकडे गरम हवा आणणारी नळी जागेवर आहे का ते बघा. चोकने बिघडत असेल तर फ्लोटची पातळी, न मिटणारा नीडल व्हॉल्व्ह किंवा अर्धवट अडकलेला चोक.

नवा कार्ब्युरेटर केव्हा घ्यायचा? थ्रॉटलचा शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवा. लक्षात येईल इतका खेळ असेल, तर तिथूनही हवा जाते आणि कुठलंही सेटिंग टिकत नाही. तरीही त्यात नवी बुश बसवता येतात, चांगला कारागीर ते करून देतो. तळ इतका वाकलाय की घासून सपाट होत नाही, किंवा बॉडीलाच तडा आहे, तर मात्र खुशाल बदला.