रेड-५ मधली डिस्क जाणार हे आधी कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात लिनक्स सर्व्हर आहे, ४ टीबीच्या चार डिस्कचा सॉफ्टवेअर रेड-५ आहे (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून लिनक्सनेच एकत्र जोडलेला डिस्कचा संच, म्हणजे अ‍ॅरे), स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासलं की चारही डिस्क 'पास्ड' दाखवतात. एवढ्यावर निर्धास्त राहावं का?

नका राहू. 'पास्ड' म्हणजे डिस्क बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच ठरवलेली मर्यादा अजून ओलांडलेली नाही, इतकंच. ती मर्यादा फार सैल असते. 'पास्ड'चा शिक्का घेऊनच गेलेल्या डिस्क माझ्या खणात पडल्या आहेत.

स्मार्टसीटीएल ही स्मार्टची नोंद दाखवणारी कमांड -ए लावून चालवा आणि तक्त्याचा शेवटचा रकाना बघा, म्हणजे रॉ आकडे. तेही सगळे नकोत. ५, १८७, १९७ आणि १९८ या नंबरांच्या चार ओळी (खराब किंवा न वाचता आलेल्या जागांची मोजणी) शून्यावर असाव्यात. पाचव्या नंबरचा, रिअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने डिस्कने बदलून घेतलेल्या जागांचा) आकडा दोन-चारवर येऊन महिनोन्महिने तिथेच थांबला असेल तर मी डिस्क काढत नाही, नजर ठेवतो. दर आठवड्याला वाढत असेल तर नवी मागवतो. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर, वाचताच न आलेले. रेडमध्ये मला हाच जास्त खटकतो, कारण दुसरी एखादी डिस्क गेली की रिबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करताना, नेमकी हीच जागा वाचावी लागते. १९९ (केबलमधून डेटा येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल बदलून भागतं. (केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.) आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या ओळींत कोटी-अब्जातले आकडे दिसले तर घाबरू नका, त्यांची मोजायची पद्धतच तशी आहे.

पण स्मार्टचीही मर्यादा आहे. २००७ साली गूगलच्या लोकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जायची शक्यता, अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही उमटली नव्हती. निम्म्याहून जास्त डिस्क न सांगता गेल्या.

म्हणून खरी नजर अ‍ॅरेवर हवी. रेड-५ची गंमत ही की एक डिस्क गेली तरी काम चालूच राहतं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. एका सीएंच्या ऑफिसात मला 'सर्व्हर स्लो झालाय' म्हणून बोलावलं होतं, मार्चएंडची धावपळ चालू होती. एमडीस्टॅट ही अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी फाइल उघडली तर चार 'यू'च्या जागी तीन यू आणि एक अंडरस्कोर (एक यू म्हणजे एक चालू डिस्क). लॉग मागे मागे नेला, तर डिस्क दिवाळीच्या आधीच अ‍ॅरेबाहेर पडलेली. एमडीएडीएमने (अ‍ॅरे सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) आपलं काम चोख केलं होतं, रोज एक मेल पाठवला होता. पण तो त्याच मशिनवरच्या रूटच्या (अ‍ॅडमिन खात्याच्या) मेलबॉक्समध्ये, आणि तो मेलबॉक्स आजवर कुणी उघडला नव्हता.

तेव्हा आजच एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेलअ‍ॅडर पुढे रूट लिहिलेलं असेल ते काढून तुमचा रोज बघायचा पत्ता घाला, आणि मेल बाहेर जायची सोय करा. मग एमडीएडीएम मॉनिटर मोडमध्ये स्कॅन, वनशॉट आणि टेस्ट हे तीन पर्याय देऊन चालवा. प्रत्येक अ‍ॅरेमागे एक टेस्ट मेल येतो. स्मार्टवर सतत लक्ष ठेवणाऱ्या स्मार्टडीलाही -एम टेस्ट लावून तसंच करा. मोबाइलवर मेल वाजला तरच काम झालं असं समजा. मेलचा पासवर्ड बदलला की परत तपासा, हे बंद पडतं ते बहुतेक तिथेच.

दुसरी गोष्ट चेकची. खराब सेक्टर कुणी वाचेपर्यंत उघडकीला येत नाही, म्हणून अधूनमधून अख्खा अ‍ॅरे वाचून काढावा लागतो. डेबियन लिनक्समध्ये हा चेक साधारणपणे महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर लागतो. तुम्ही शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून जात असाल तर तो कधी झालेलाच नसेल. मग अ‍ॅरेच्या सिंक अ‍ॅक्शन नावाच्या फाइलमध्ये 'चेक' लिहून हाताने लावा. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकावर १०चा १४वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक धरलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक. तुमच्या रिबिल्डमध्ये उरलेल्या तीन डिस्क मिळून १२ टीबी वाचल्या जाणार. प्रत्यक्षात डिस्क त्या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण चेक न केलेल्या अ‍ॅरेवर मी तो जुगार खेळणार नाही.

मेगारेड जातीचं रेड कार्ड (रेड सांभाळणारं वेगळं हार्डवेअर) असतं तर स्मार्टसीटीएलला डिस्कऐवजी कार्डाने बनवलेला एकच मोठा ड्राइव्ह दिसला असता, आणि आतल्या डिस्क बघायला -डी मेगारेड लावून नंबर द्यावा लागला असता. तुमचं सॉफ्टवेअर रेड आहे, ती कटकट नाही.

आणि डिस्क बदलायची वेळ आली तर एसडीबी, एसडीसी या लिनक्सने डिस्कला दिलेल्या नावांवर जाऊ नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. चुकीची डिस्क ओढली की एक गेलेली आणि एक काढलेली, अ‍ॅरे तिथेच बसला. पुढच्या वेळी मशीन उघडाल तेव्हा प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे टेपवर लिहून बाहेरून दिसतील असे चिकटवून ठेवा.