भोपळ्यावरचा पहिला घाव

प्रिय सई,

परवा तू विचारलंस, "आई, तुला सुरी चालवता येते ना? मग भोपळ्यावर पहिला घाव बाबानेच का घालायचा?" तुझ्या बेक सेलसाठी पंपकिन ब्रेड करायचा होता आणि कपाटातले भोपळ्याच्या गराचे डबे संपले होते, म्हणून मीच म्हटलं होतं की ताजा भोपळा घेऊ. तो ओट्यावर ठेवला आणि बाबाची वाट बघत थांबले. तू हसत विचारलं असतंस तर मीही हसण्यावारी नेलं असतं. पण तू पुढे म्हणालीस, "म्हणजे तुला परवानगी लागते?" ते मला लागलं. तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्या चिपळूणच्या घरी भोपळा विकत आणलेला मला आठवत नाही. वेल गोठ्याच्या कौलांवर चढायचा आणि पाऊस सरला की भाऊकाका शिडी लावून भोपळे उतरवायचे, देठासकट, कारण देठ मोडला की भोपळा टिकत नाही. मग ते माळ्यावर पेंढ्यात ठेवायचे. शिमग्यापर्यंत पुरायचे. एखादा इतका मोठा असायचा की मला उचलायचा नाही.

एक दिवस मात्र विसरता येत नाही. घारगे करायचे ठरले होते, गूळ चिरून ठेवला होता आणि घरात एकही पुरुष नव्हता. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझे बाबा मुंबईला, भाऊकाका बाजारात. माझ्या आजीने शेजारच्या बाळूला हाक मारली. तो शाळेतही जात नव्हता अजून. तिने त्याच्या मुठीत कोयती दिली, वरून स्वतःचा हात धरला आणि भोपळ्यावर टेकवून दाबला. जोर सगळा आजीचा. चीर पडली, बाळू पळाला. मी तिथेच उभी होते, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी, रोज विळीवर बसून नारळ खवणारी. मी विचारलंच, "मी का नाही?" आजी म्हणाली, "बाईने अख्खं फळ फोडू नये गो." एवढंच. तिच्या मते भोपळा घरच्या लेकरासारखा, आणि लेकरावर आईने हत्यार धरायचं नाही. तिची दोन मुलं लहानपणीच गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून असेल किंवा नसेलही, पण त्यानंतर मी तिला पुन्हा विचारलं नाही.

याचं समर्थन मला तुझ्यापुढे करता येणार नाही, सई. पोराच्या हातात कोयती द्यायची आणि पोरीला बाजूला उभं करायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तरी अमेरिकेतल्या पिओरियाच्या या स्वयंपाकघरातही मी थांबते. कुणी सांगितलेलं नसतं, हात आपोआप थांबतो. आजीसाठी थांबतो असं मला वाटतं. तुला हे पुरेसं वाटायलाच हवं असं नाही.

पण पहिली चीर पडल्यावर पुढचं सगळं राज्य आजीचंच असायचं, तेही तुला कळायला हवं. मोठ्या फाका ती केळीच्या पानात बांधून चार घरी पाठवायची. फोडलेला भोपळा राहत नाही, आणि एवढा एका घराला संपतही नाही. बिया धुऊन सुपात वाळत. घारग्यांचा भोपळा ती किसून गुळात शिजवायची आणि त्यात तांदळाचं पीठ घालायची, मावेल तेवढं. पाण्याचा थेंब नाही. किती पीठ, असं विचारलं की म्हणायची, "भोपळा सांगेल." आणि खरंच, एका भोपळ्याला वाटीभर पीठ पुरे व्हायचं, दुसऱ्याला दोन वाट्या लागायच्या, कारण प्रत्येकाच्या अंगात पाणी वेगळं.

डबा आणि ताजा भोपळा यांत फरक आहे तो नेमका हाच. डब्यात दर वेळी सारखंच घट्ट मिळतं, पाककृती डोळे मिटून करता येते. डब्याला मी नावं ठेवत नाही. देशातला बहुतेक डबाबंद भोपळा आपल्या शेजारच्या मॉर्टन गावातल्या लिबीज कंपनीच्या कारखान्यातून जातो, आणि त्यात हॅलोवीनचे केशरी भोपळे नसतात. डिकिन्सन नावाची फिकट, लांबट जात असते, आपल्या लाल भोपळ्याच्या नात्यातली. तू जन्मायच्या आधी, २००९ च्या शरदात, इथे इतका पाऊस लागला की शेतांत यंत्रं उतरेनात. भोपळे चिखलातच राहिले आणि दुकानांत डबे मिळेनासे झाले. तेव्हा शेजारच्या बाई पंपकिन पाय कशी करायची म्हणून काळजीत होत्या. त्यांना ताजा भोपळा वापरून दाखवला तो मी, नवीन आलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी. भोपळ्यातलं पाणी मला आजीमुळे कळत होतं. त्या दिवशी या गावात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

तुझ्या प्रश्नानंतर मी पुण्याला आत्याला फोन केला. म्हटलं, तू काय करतेस गं? ती म्हणाली, "मंडईत पाव किलोची फाक मिळते, अख्खा आणतंय कोण? आणि मिळाला तर मीच चिरते." किती सहज म्हणाली. आजीची सख्खी लेक ती. मला हायसंही वाटलं आणि थोडं वाईटही.

तर बाबाने पहिला घाव घालावा असा माझा हट्ट नाही. त्यालाही मी तसं सांगितलं आहे. माझी इच्छा एवढीच की कधीतरी अख्खा भोपळा घरी यावा, आपल्याला लागतो त्याहून मोठा, आणि उरलेला कुणाला तरी द्यावा लागावा. नाहीतर डबा आणशील, त्यातही काही बिघडत नाही.

पोर्चवरचा कोरीव कामाचा मोठा घेऊ नकोस, त्यात नुसतं पाणी आणि दोरे असतात. दोन-तीन पौंडांचा शुगर पंपकिन किंवा बटरनट घे. खाली ओलं फडकं अंथर म्हणजे घसरणार नाही. दोन भाग कर, बिया काढ, पालथे ठेवून ४०० फॅरनहाइटवर सुरी अलगद आत जाईपर्यंत भाज, पाऊण ते एक तास लागेल. गर कुस्करून श्रीखंडाच्या चक्क्यासारखा पंचात बांधून टांग. घाई असेल तर कढईत आटव. चमच्यावर उभा राहिला की झाला. डब्यात ४२५ ग्रॅम असतो, तेवढाच वजन करून घे, वाटीने मोजू नकोस. रंग डब्यापेक्षा फिका येईल, तसाच असतो. आणि पंचातून गळलेलं पाणी टाकू नकोस, संध्याकाळी मी त्यात कणीक भिजवीन.

तुझी
आई