माडीवरचा भाडेकरू आणि मीटरचा लाल ठिपका

प्रश्न : बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराची माडी दोन पोरांना भाड्याने दिली आहे. भाडं वेळेवर येतं. पण खिडक्यांना आतून चंदेरी कागद आणि एक्झॉस्ट फॅन रात्रंदिवस चालू. शेजारी म्हणतात, आत गांजा लावलाय. खात्री कशी करावी? मी अडकेन का?

उत्तर : चंदेरी कागदाने काही सिद्ध होत नाही, उन्हाळ्यात माडीवर राहणारे बरेच जण तो लावतात. मीटर बघा. दोघांचं घर गृहज्योतीच्या (कर्नाटकातली मोफत विजेची योजना) २०० युनिटांत सहज बसतं. दिव्यांवर झाडं वाढवणाऱ्याचं नाही बसत : ६०० वॅटचे पाच दिवे रोज १२ तास म्हणजे ३६ युनिट, महिन्याला हजाराच्या वर. एसी वेगळाच.

बिल कमी येतंय म्हणून निर्धास्त राहू नका. अशा ठिकाणी वायर मीटरच्या आधीच जोडून घेतात. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे लाल ठिपका किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं. ३२०० असेल, तर ७५ वॅटच्या एका पंख्याला लाल ठिपका पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. ३ किलोवॅटला सेकंदाला दोन-तीनदा. वर एसी घरघरतोय आणि ठिपका मात्र सुस्त, तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला कळवा. वायरीला हात लावू नका. मीटरच्या आधीच्या जोडाला तुमच्या घरातला कटआउट लागू नसतो. वायर तापली तरी करंट तुटत नाही, आणि आग तिथूनच लागते.

ओलीचंही तसंच. श्रावणात बेळगावातल्या कुठल्या भिंतीला बुरशी नसते? पण एप्रिलमध्ये छताच्या कोपऱ्यांत काळे डाग धरले, तर आत कशाची तरी वाफ कोंडतेय. ‘अळिंबी करतो’ म्हणाले तर ओल पटते, पण अळिंबीला प्रखर दिवे लागत नाहीत. आणि गांजाला फुलोरा आल्यावरचा उग्र वास उदबत्तीने झाकला जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम २५ घरमालकासाठीच आहे : जाणूनबुजून जागा वापरू दिली, तर लागवड करणाऱ्याइतकीच शिक्षा. लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तुमच्या बाजूचा, पण संशय आल्यावर गप्प बसलात की तो पातळ होतो. भाडेकरार, आधारची झेरॉक्स, लाईट बिलं घेऊन पोलीस ठाण्यात जा, नाहीतर १९३३ या अमली पदार्थांविरोधी सरकारी हेल्पलाइनला फोन करा. माहिती कुणी दिली हे सांगायची सक्ती कलम ६८प्रमाणे अधिकाऱ्यावर करता येत नाही. कुलूप मात्र स्वतः फोडू नका. पोरं सावध होतात आणि पुराव्याला तुमचे हात लागतात.

प्रश्न : शेजारच्या गच्चीवर कुंड्यांत गांजासारख्या पानांची झाडं आहेत. तक्रार करू?

उत्तर : आधी फूल बघा. फिकट पिवळं, मध्ये गडद तांबडं असेल, तर ती अंबाडी, म्हणजे आपल्याकडची पुंडी. तिचं पान बोटांसारखं चिरलेलं, पण बुडाशी जोडलेलं. गांजाची पानं देठाच्या टोकाला सुटी, कडा करवतीसारख्या. खरंच गांजा असेल, तर ‘चारच झाडं’ किंवा ‘भांगेसाठी’ ही सबब चालत नाही. लागवडीच्या कलमात झाडांची किमान संख्याच नाही.